चिखलांतली सेवा

ता. २९ ऑगस्ट २००५ रोजीं झालेल्या ‘कॅट्रिना’ वादळांत अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहराचे बांध फुटले व सुमारें ८० टक्के शहर जलमय झालें. पुढें पाणी ओसरलें, पण घरोघर चिखल आणि बुरशी राहिली. तेव्हां निरनिराळ्या चर्चचे स्वयंसेवक दूरदूरच्या गांवांहून आले. कुजलेलें सामान बाहेर काढणें, भिजलेल्या भिंतींचे तक्ते आंतील लाकडी सांगाड्यापर्यंत उतरविणें, हें काम त्यांनीं अनोळखी माणसांच्या घरांत केलें. वर्गणी देऊन मोकळें होणें आम्हांस सोपें वाटतें. परक्याच्या घरचा चिखल उपसावयाचा म्हटला कीं सोंवळें आड येतें. असे हात स्वच्छ राहतात खरे. पण त्यांस पवित्र म्हणावें काय, हें वाचकांनींच ठरवावें.