खुंटी कुठं ठोकायची?

बुऱ्हाणपूरच्या आमच्या शेताचं यंदा सीमांकन झालं. कोपऱ्याचा दगड कधीच ट्रॅक्टरखाली गेलेला. रोव्हर मशीन आलं, मोजणीवाल्या पोरानं स्क्रीनवर बघून खुंटी ठोकली ती थेट शेजारच्या काकांच्या केळीत, बांधापासून पाच फूट आत. आमच्या घरात आनंदीआनंद. काका गप्प उभे. आजोबांपासून आमची विहीर एकच आहे हो!

मला नाही पटलं. मशीन सेंटीमीटरपर्यंत अचूक, मान्य. पण सॉफ्टवेअरमधला नकाशा जुन्या कागदावरून उतरवलेला, एकास चार हजार प्रमाणाचा. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर दोन मीटर! केळीची अख्खी ओळ त्या शाईतच मावते. शिवाय कागद आकसतो, घडीवर फाटतो (चहाचे डाग वेगळेच).

माझं म्हणणं, आधी गावनकाशावर खूण असलेले चांद्याचे दगड शोधा, तिथून जुनी विहीर मोजा, शिवेचा दगड मोजा. हे सगळं नकाशाशी जुळलं तरच मशीनचा कोपरा माना. घरात दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. शेवटी दोन्ही घरांच्या सह्यांनी फेरमोजणीचा अर्ज दिलाय. तोवर ती ओळ काकांचीच, घडही तेच कापतील.