आधी दहा दाणे

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. अकोट तालुक्यातल्या आमच्या घरी सोयाबीनचं घरचं बियाणं पोत्यात पडून होतं आणि उगवण तपासायची राहिली होती. काम अर्ध्या तासाचं. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडायचं आणि आठवड्याने कोंब मोजायचे. ७० किंवा जास्त उगवले तर बियाणं नेहमीच्या मात्रेत पेरायचं, थोडे कमी भरले तर मात्रा वाढवायची. तरी आठ दिवस माझं ‘उद्या पाहू’ चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी असंच न तपासता पेरलं आणि अर्धं रान उघडं राहिलं. दुबार पेरणीचा तो खर्च अजून आठवतो. या भीतीने तरी मी हलायला हवं होतं. पण भीतीचं असं आहे, ती ढकलते तशी अडवतेही. चाचणी पुढे गेली की वाईट उत्तरही पुढे जातं, आणि तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

संत्र्यांच्या वरूड तालुक्यातही भूजल खोल चालल्याची भीती काही कमी जुनी नव्हती. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची गावागावांतल्या जलसंधारणाच्या कामाची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली. वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई असे तीनच तालुके, मुदत ४५ दिवसांची, पहिलं बक्षीस ५० लाखांचं. माणसं ऐन उन्हात टिकास-फावडं घेऊन निघाली. मुदतीने ‘उद्या’ला जागा ठेवली नाही, बक्षिसाने उंबरठा ओलांडायला लावला आणि शेजारचा खणतोय म्हणून हात चालू राहिले. पहिला क्रमांक साताऱ्यातल्या वेळू गावाला गेला. पण वरूडच्या उतारांवर खणलेल्या चरांतलं पाणी कुणाच्या क्रमांकासाठी थांबत नाही. ते खणणाऱ्या गावच्याच मातीत मुरतं.

आणि आपल्या शेंडगावचे गाडगेबाबा! १९०५ मध्ये घर सोडल्यावर ते गावोगाव फिरले. गावात शिरले की आधी स्वतः खराटा हाती घ्यायचे. कीर्तन रात्री. झाडणारा माणूस समोर दिसला की बघणाऱ्याला नुसतं उभं राहणं जड जातं.

परवा संध्याकाळी मायनेही तेच केलं. मला काही न म्हणता अंगणात गोणपाट ओलं करून अंथरलं, ओंजळभर दाणे आणले आणि म्हणाली, “शंभराचं राहू दे. आधी दहा तं मांड.”

दहा मांडले. दुसरी ओळ ती मांडू लागली, तिसरी मी घेतली. दहावी ओळ संपली तेव्हा अंधारही पडला नव्हता.

गुंडाळी आता माजघरात आहे. रोज सकाळी मी पाणी शिंपडतो. आकडा ७० येईल की ५०, आज सांगता येत नाही. पण यंदा तो पेरणीच्या आधी कळेल.