वजन गल्ल्यावर बसून वाढतं



आपल्या चॅनलवर आपण मार्जिन, उधारी, स्टॉक यावर बोलतो. आज पोटाबद्दल बोलू. सर भरकटले असं वाटेल, पण थांबा जरा. तुमच्या दुकानातलं सगळ्यात महागडं मशीन तुम्ही स्वतः आहात. फ्रीज बिघडला तर मेकॅनिक येतो. तुम्ही आडवे पडलात तर शटर खाली. नोकरदाराला सिक लीव्ह असते, आपल्याला नाही.

आमच्या बॅचला एक हार्डवेअरवाले येतात, वय 44. गेल्या वर्षी वजन कमी करायच्या पावडरीवर त्यांनी तीन महिन्यांत 18,000 रुपये घातले. सहा किलो उतरलं. दिवाळीनंतर सात किलो परत आलं. मी विचारलं, दुकानात असा तोटा झाला असता तर काय केलं असतं? म्हणाले, "सर, वही काढली असती." मग काढली वही. मालाची नाही, दिवसाची.

पहिली नोंद चहाची. सकाळी घरचा एक, मग दुकानात कोण ना कोण येतंच. सेल्समन आला, चहा. जुनं गिऱ्हाईक आलं, चहा. उधारी मागायला कोणी आला, तर आधी चहा! दिवसाचे आठ कप भरले. टपरीच्या छोट्या कपात सात-आठ ग्रॅम साखर धरा, म्हणजे दिवसाला साधारण 60 ग्रॅम. महिन्याचे 26 दिवस दुकान उघडं, तर वर्षाला अठरा किलोच्या वर साखर, आणि तीही नुसती चहातून. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे साधारण 50 ग्रॅम, आणि जमलं तर त्याच्या निम्मी. यांचा कोटा चहातच संपला. गोडाधोडाचा हिशोब अजून धरलेलाच नाही.

चहा सोडा असं मी म्हणणार नाही. पुण्यात गिऱ्हाइकाला चहा विचारायचा नाही, हे मलाच जमणार नाही. पण त्याला विचारलं म्हणून प्रत्येक वेळी आपणही प्यायलाच हवा असं कुठे लिहिलंय? त्यांनी टपरीवाल्याला सांगून ठेवलं: माझ्यासाठी दिवसात तीनच, आणि ते बिनसाखरेचे. पहिला आठवडा तोंड वाकडं झालं, मग सवय झाली.

दुसरी नोंद जेवणाची, आणि खरी गळती इथे होती. दुपारी गर्दी, म्हणून उभ्याउभ्या एक वडापाव, नाहीतर काहीच नाही. साडेनऊला शटर, मग हिशोब, घरी जाऊन साडेदहाला ताटावर. दिवसभराची भूक एकदम निघायची आणि अकराला झोप. ते मला म्हणायचे, "सर, मी तर दिवसभर काही खातच नाही." खरंच होतं ते. पण सगळं रात्री खात होते.

इथे माझं एक मत ऐकून घ्या, हसायचं तर हसा. पुण्याच्या एक ते चारच्या बंदवर अख्ख्या महाराष्ट्राने विनोद केले. पण त्या पद्धतीत दुकानदार वेळेवर घरी जायचा, पोळी-भाजी, आमटी-भात बसून जेवायचा, जरा पाठ टेकायचा. ऑनलाइनवाल्यांच्या धसक्याने आपण दुपारी उघडं ठेवायला लागलो. धंदा किती वाढला हे ज्याचं त्याने बघावं, पण जेवण मात्र मोडलं. तीन तास बंद ठेवा असं नाही म्हणत. चाळीस मिनिटं ठेवा, पाटी लावा. गिऱ्हाईक परत येतं. रात्रीचा डबा दुकानातच मागवा आणि आठच्या आत खा. भाकरी, उसळ, एक वाटी दही. यांनी तेच केलं.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोन वेळा जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा, हे तुम्ही ऐकलंच असेल. मुळात ती कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. दुकानदाराला ती पटते, कारण मधलं चरणं बंद होतं आणि खर्च शून्य. मला तिचा साधेपणा आवडतो. फक्त ज्यांना शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नका. शुगर एकदम खाली जाऊ शकते.

आता बारीक मंडळी म्हणतील, आमचा काय संबंध? आपल्या रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. म्हणजे आपण काट्यावर बारीक दिसतो आणि आत चरबी साठवून असतो. म्हणून नुसत्या काट्यावर जाऊ नका. दुकानात टेप असतेच, ती कमरेला लावा. आपल्याकडे पुरुषांसाठी 90 आणि बायकांसाठी 80 सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. त्याच्या पुढे गेलात की शुगर, बीपी एकदा तपासून घ्या.

चालण्याचं थोडक्यात. जिमचे पैसे त्यांनी आधीच दोनदा बुडवलेत, म्हणून तो विषय काढला नाही. जेवणानंतर दहा मिनिटं शतपावली, त्याने जेवणानंतरची शुगर कमी चढते. बँकेत पायी जायचं. गल्ल्यामागची खुर्ची काढून उंच स्टूल ठेवलं, कारण खुर्चीत बसलं की माणूस उठत नाही आणि पोऱ्याला हाक मारतो. रविवारी पर्वती. 103 पायऱ्या आहेत, सुरुवातीला दोनदा थांबायचे.

पाच महिन्यांत चार किलो कमी झालं, कंबर दोन इंच. जाहिरात करण्यासारखा आकडा नाही हा. गणपतीत मोदकांमुळे एक किलो परत चढलं होतं, तेही सांगतो. पण पुढच्या महिन्यात ते उतरलं, आणि खर्च आला फक्त स्टुलाचा.

तुम्ही या सोमवारपासून सात दिवस फक्त दोन गोष्टी वहीत लिहा, चहाचे कप आणि रात्री जेवायला बसलेली वेळ. काही बदलू नका, नुसतं लिहा. पुढच्या व्हिडिओत त्या वहीवर बोलू. तुमचे आकडे खाली टाका, माझे मी टाकतो. काल माझे सहा कप झाले होते.