दया आणि शस्त्र

एप्रिल १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील जौरा येथे चंबळच्या दरोडेखोरांनी जयप्रकाशजींसमोर शस्त्रे ठेवली. शिक्षेतून मुक्त झालेल्यांच्या हाती ती पुन्हा द्यावीत काय? १९५९ चा शस्त्र कायदा हिंसेच्या गुन्ह्यात कारावास भोगलेल्यास शिक्षा संपल्यावर पाच वर्षे शस्त्र बाळगू देत नाही. भोपाळहून राज्यपालांनी अनुच्छेद १६१ अन्वये शिक्षेत सूट दिली, तरी दोषसिद्धी पुसली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच स्पष्ट केले आहे. पूर्ण माफीची गोष्ट निराळी. तिने दोषही धुतला जातो. परंतु तेव्हाही सार्वजनिक सुरक्षिततेसाठी कलम १४ खाली परवाना नाकारता येतो, आणि तेच उचित होय. दयेने माणसाला त्याचे घर परत मिळावे, बंदूक नव्हे. चंबळचे शहाणपण शस्त्र खाली ठेवण्यात होते. शासनाने ते विसरू नये.