नवजातांच्या रक्ताच्या अहवालातील दोन दुर्लक्षित आकडे

प्रति,
मा. कार्यकारी आरोग्य अधिकारी,
बृहन्मुंबई महानगरपालिका



डिसेंबर २०२१ मध्ये भांडुप येथील महापालिकेच्या सावित्रीबाई फुले प्रसूतिगृहात चार नवजात बालके जंतुसंसर्गाने दगावली, तेव्हा विषय विधिमंडळात गाजला आणि कारवाईही जाहीर झाली. परंतु असा संसर्ग काही तास आधी कसा ओळखावा, हा खरा वैद्यकीय प्रश्न त्या गदारोळात मागेच पडला.

रक्तात संसर्ग भिनून बाळाचे सारे शरीर होरपळते, त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. बाळ दूध ओढेनासे होते, मलूल पडते, अंग गार लागते. मात्र अपुऱ्या दिवसांच्या बाळात हे संसर्गाविनाही दिसते. कल्चर, म्हणजे रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी, हा भक्कम पुरावा खरा, पण त्याला बहुधा एक-दोन दिवस लागतात. तोवर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशिका, काही सुचवू शकतात. निरोगी बाळाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. सेप्सिसमध्ये त्या झपाट्याने खर्ची पडतात आणि तूट भरण्यासाठी अस्थिमज्जा नव्या, आकाराने मोठ्या प्लेटलेट सोडते, त्यामुळे संख्या उतरते आणि सरासरी आकारमान, अर्थात एमपीव्ही, चढते. हे दोन्ही आकडे सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीच्या, अहवालात बहुधा छापूनच येतात. त्यांसाठी वेगळे रक्त काढावे लागत नाही.

तथापि त्यांवर आंधळा विश्वास नको. आईला गरोदरपणात उच्च रक्तदाब असल्यास किंवा बाळ जन्मताना गुदमरल्यास प्लेटलेट एरवीही घटतात, आणि टाचेतून पिळून काढलेल्या रक्तात गुठळी झाली तर संख्या खोटी कमी येते. उपनगरांची अडचण आणखी वेगळी आहे : जांभळ्या झाकणाच्या कुपीत ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे द्रव्य असते आणि त्यात प्लेटलेट वेळ जाईल तशा फुगतात, त्यामुळे मुलुंड वा बोरिवलीत सकाळी घेतलेला नमुना दूरच्या प्रयोगशाळेत दुपारी तपासला गेला, तर वाढलेला एमपीव्ही संसर्गाचा की रस्त्यावरच्या खोळंब्याचा, हे कोणीच सांगू शकणार नाही.

म्हणून आरोग्य खात्याने नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या प्रत्येक प्रसूतिगृहात रक्तपेशी मोजण्याचे यंत्र जागेवरच ठेवावे, नमुना घेतल्याची व तपासल्याची वेळ अहवालावर नोंदवणे सक्तीचे करावे, उतरलेली संख्या काचपट्टीवर पडताळून घ्यावी आणि संशयित बाळाची मोजणी ठरावीक अंतराने पुन्हा करावी. प्रतिजैविके देण्यापूर्वी कल्चरसाठी रक्त घेण्याचा दंडक मात्र कोणत्याही आकड्यामुळे शिथिल होऊ नये, ही विनंती.