आकडा वाढला म्हणे बायांच्या कामाचा

कपाशीची दुसरी वेचणी चालू आहे. पावसाने बोंडं काळी पडली, त्यावर फोटोसकट वेगळं लिहीन. आज दुसरंच डोक्यात आहे.

परवा एका कार्यक्रमात साहेबांनी पडद्यावर आकडा दाखवला. केंद्राच्या श्रमबल पाहणीत गावाकडच्या १५ वर्षांवरच्या बायांपैकी कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या २०१७-१८ ला २४.६ टक्के होत्या, २०२३-२४ ला ४७.६ झाल्या. जवळपास दुप्पट. साहेब म्हणाले, ही प्रगतीची खूण. टाळ्या पडल्या. मीपण वाजवली, खोटं कशाला बोलू.

घरी येऊन विचार केला. आकडा खोटा नाही. पण खूण कशाची?

त्याच पाहणीत पुढचा रकाना आहे, तो कोणी पडद्यावर लावत नाही. कामात धरलेल्या बायांपैकी एक तृतीयांशाहून जास्त बाया घरच्याच शेतीत नाहीतर धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत. म्हणजे राबतात, हातात छदाम नाही, तरी 'रोजगारात'. याच काळात नियमित पगारी बायांचा वाटा घटला आणि शेतीतल्यांचा वाढला. आणि उडी कधी बसली बघा. २०१९-२० या एका वर्षात गाव-शहर मिळून आकडा २४.५ वरून ३० वर गेला. त्या वर्षी देशाची वाढ मंदावलेली, शेवटाला टाळेबंदी. कारखाने बंद, पोरं पायी गावाकडे, आणि कागदावर बायांचा रोजगार फुलला! याला प्रगती म्हणायचं तर पाण्याअभावी मका लवकर वाळला, त्यालाही लवकर पक्व झाला म्हणा.

आमच्या गावात मला दिसतं ते असं. गडी माणूस पुण्याला कंपनीत नाहीतर ड्रायव्हर. मागं चार एकर, दोन म्हशी, म्हातारा-म्हातारी आणि ती. पाहणीवाल्याने विचारलं तर ती 'शेती करते' असंच सांगणार. काम वाढलं, पण सातबारा सासऱ्याच्या नावावर. पीककर्जाला उभं करत नाहीत. देशाच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत बाया खातेदार १४ टक्क्यांच्या आसपास. शेतकरी संघटनेने १९८६ ला चांदवडला बायांचं अधिवेशन घेतलं, पुढं लक्ष्मीमुक्तीत कित्येकांनी बायकोच्या नावे जमीन केली. त्याला आता तीस वर्षांहून जास्त झाली. आपल्यापैकी किती जणांनी केली? मी नाही केली.

आता सरकारला शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. पण आपण स्वतः काय करतो? हमीभावाच्या भांडणात आपण ए-टू, एफएल, सी-टू तोंडपाठ म्हणतो. एफएल म्हणजे घरच्यांची मजुरी. ती खर्चात धरा, त्यावर दीडपट द्या, म्हणून आपण रस्त्यावर बसलो. मागणी रास्तच आहे. पण त्या एफएलमध्ये निम्म्याहून जास्त दिवस कोणाचे? माझ्या रानात खुरपणी तिची, वेचणी तिची, सोयाबीन भिजू नये म्हणून रात्री ताडपत्री ओढणंही तिचंच. सरकारकडे तिची मजुरी मागतो, पट्टी झाली की पैसे माझ्या खात्यावर. आणि बाहेरच्या बायांना आपण पुरुषाला ५०० देतो तिथं ३०० देतो. का, तर 'रीतच आहे'.

कोणी म्हणेल, निदान मोजलं तरी जातंय. बरोबर. आधी 'घरीच असते' म्हणून सोडून द्यायचे, त्यापेक्षा हे बरं. पण कृषी खात्यातले आणि विद्यापीठातले जे मित्र हे पान वाचतात त्यांना सांगणं आहे, तालुक्याचा अहवाल करताना नुसता किती बाया कामात हे लिहू नका. किती जणींच्या स्वतःच्या हातात पैसा येतो, बाई-गड्याच्या रोजात फरक किती, सातबाऱ्यावर नावं किती, हे शेजारीच लिहा. ते वाढलं तर मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवीन.

दसऱ्यापासून मी वहीत तिचे रोज लिहितोय. ३८ झाले. ३०० प्रमाणे ११,४०० होतात. तिला दाखवलं तर म्हणाली, "गड्याच्या भावानं लिहा की." खोडून ५०० केलं, १९,००० झाले. कापूस अजून घरातच आहे.