पाच सूर पुरेत

आपल्या महाविद्यालयात हल्ली गिटारचे वेड चांगलेच पसरले आहे. स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की व्हरांड्यात दोन-तीन गिटारी हटकून दिसतात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु यंदा हौसेने घेतलेली गिटार पुढच्या वर्षी माळ्यावर जाऊन बसते, हाही आपला नेहमीचाच अनुभव आहे. मुलांना चिकाटी नाही, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. मला ते पटत नाही. दोष चिकाटीचा नसून शिकण्याच्या क्रमाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवशिक्या बहुधा दोन वाटांनी जातो. एक वाट कॉर्डची. तिच्यावर ‘एफ’ची कॉर्ड आडवी येते. पहिल्या बोटाने पहिल्या पडद्यावरच्या सहाही तारा एकदम दाबायच्या! बोटे सोलवटतात, आवाज उमटत नाही आणि हौस तेथेच मोडते. दुसरी वाट मोबाईलवरच्या चित्रफिती पाहून पडद्यांचे आकडे पाठ करण्याची. या वाटेने गाणे लवकर बसते, हे खरे. पण हा सूर येथे का आला, असे विचारले तर वाजवणारा गप्प होतो. नक्कल उतरते, पण स्वतःचे असे काहीच हाती लागत नाही.

यावर माझे म्हणणे साधे आहे. पहिल्याच महिन्यात पाच सूर शिकावेत आणि त्यांतून स्वतःचा ‘रिफ’ रचावा.

रिफ म्हणजे काय? दोन-चार मात्रांची एक छोटी, ठसठशीत सुरावट. ती पुन्हापुन्हा येते आणि तिच्या आधारावर सारे गाणे उभे राहते. आपल्याकडे स्वतंत्र तबलावादनात हार्मोनियमवर लेहरा धरतात. तीच ओळ फिरत राहते, म्हणून तर तबलजीला मोकळेपणी खेळता येते. रिफचे कामही बरेचसे तसेच. ‘हरे राम हरे कृष्ण’ (१९७१) या चित्रपटातील ‘दम मारो दम’ शब्द सुरू होण्याआधीच ओळखू येते, ते आरंभीच्या गिटारमुळे.

आता पाच सुरांकडे वळू. गिटारच्या सहा मोकळ्या तारा ई, ए, डी, जी, बी आणि पुन्हा ई अशा लावलेल्या असतात. गंमत अशी की हेच ‘ई मायनर पेंटॅटॉनिक’चे पाच सूर. ई हा षड्ज मानला तर ते सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद होतात. आपल्या धानी रागाचे सूर हेच. या पाचांत कोणतेही दोन सूर एकाच पडद्याच्या अंतरावर नाहीत. त्यामुळे ते एकमेकांना खुपत नाहीत आणि नवशिक्याला बेसूर होण्याची धास्ती राहत नाही.

मात्र पाच सूर खालून वर आणि वरून खाली पळवले म्हणजे रिफ होत नाही. ती झाली पलटे घोटण्याची मेहनत. ती हवीच, पण तेवढ्यावर थांबू नये. रिफ जन्मतो तो काही सूर गाळल्याने आणि मध्ये थांबल्याने. सर्वांत जाड तार घ्या. मोकळी तार ई, तिसरा पडदा जी, पाचवा ए. तीनच सूर! पायाने चार मात्रा धरा. पहिल्या मात्रेत मोकळी तार दोनदा, दुसरीत तिसरा पडदा, तिसरीत संपूर्ण शांतता, चौथीत पाचवा पडदा. हे तीनदा जसेच्या तसे वाजवा आणि चौथ्यांदा शेवटचा सूर तेवढा बदलून सातव्या पडद्यावर, म्हणजे बी वर, न्या. झाला रिफ! मग तिसऱ्या मात्रेतली शांतता दुसरीत नेऊन पाहा. सूर तेच राहतील, पण चाल पालटेल.

थोरांनीही याहून फार भांडवल वापरलेले नाही. ‘डीप पर्पल’च्या १९७२ सालच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची ती जगप्रसिद्ध ओळ पाहा. वरच्या सुरांत सा, कोमल गंधार, मध्यम आणि पाहुण्यासारखा येऊन जाणारा तीव्र मध्यम, एवढेच. ‘द टेम्प्टेशन्स’च्या १९६४ सालच्या ‘माय गर्ल’मध्ये रॉबर्ट व्हाइट यांची गिटार सा रे ग प ध सां अशी सरळ चढत जाते, कॉर्ड बदलली की तीच पायरी उचलून नव्या षड्जावर ठेवलेली. मडी वॉटर्स यांच्या ‘हूची कूची मॅन’मध्ये (१९५४) तर रिफ वाजतो आणि वाद्ये थांबतात, त्या पोकळीत गायक बोलतो. रिफमध्ये शांतता किती मोलाची, हे त्यावरून कळावे.

कोणी म्हणेल, पाचच सुरांत सगळ्यांचे वाजवणे एकसारखे होईल. आक्षेप वजनदार आहे, आणि एकाच जागी बोटे फिरवत राहिल्यास तसे होतेही. पण भूप आणि देशकार यांचे सूर एकच आहेत ना? भूपाचा वादी गंधार, देशकाराचा धैवत. मुक्काम बदलला आणि राग बदलला. म्हणजे दारिद्र्य सुरांचे नसते. कोठे थांबायचे हे न ठरवणाऱ्याचे असते.

दुसरा आक्षेप आपल्याच काही प्राध्यापकांचा: हे परक्यांचे संगीत, त्याचे एवढे कौतुक कशाला? ब्लूज ही अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांची निर्मिती आहे. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम करून आणले होते. धानीचे सूर तेथे दिसले म्हणून ते आपले होत नाही, आणि तसा दावा करूही नये. पाच सुरांच्या चाली चीनमध्ये आहेत, स्कॉटलंडमध्येही आहेत. पण ब्लूजचा वादक तार ताणून कोमल आणि शुद्ध गंधारांच्या मधल्या जागेत सूर रेंगाळवतो, तेव्हा मींड ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना ते ओळखीचे वाटते. ऋण मान्य करून शिकण्यात कमीपणा कसला?

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. पुढील स्नेहसंमेलनात गाजलेल्या गाण्यांच्या बरोबरीने पंधरा मिनिटे स्वतः रचलेल्या रिफसाठी ठेवावीत; प्रत्येकाला फक्त दोन मिनिटे. पहिल्या वर्षी काही रिफ ओबडधोबड असतील, काहींना सभागृहातून हुर्योही मिळेल. मिळू द्या. आपण कविता लिहितो आणि त्या याच अंकात छापतो, त्या सगळ्याच कोठे अजरामर असतात? तरीही लिहिणाऱ्याला आपण थोर कवींच्या कविता नुसत्या उतरवून काढायला सांगत नाही. मग गिटार हाती घेणाऱ्यालाच तसे का सांगावे? त्याच्याजवळ पाच सूर आहेत. सुरुवातीला तेवढे पुरेत.